डिफॉल्ट: इग्नोर

ह्या शनिवारचा विषय आहे सेटिंग्ज. तीही अँटी-स्पायवेअरची! तुम्ही म्हणाल, आठवडाभर ऑफिसात हेच करतो, आता सुट्टीच्या दिवशीही हेच वाचायचं? पण थांबा जरा. एका ड्रॉपडाऊनमधला एक शब्द बदलला आणि त्यापायी 2005 च्या जुलै महिन्यात मायक्रोसॉफ्टला चक्क जाहीर खुलासा करावा लागला होता. तो शब्द होता 'इग्नोर'. माझ्या मते सॉफ्टवेअरच्या इतिहासातला हा एक फार महत्त्वाचा शब्द आहे, आणि त्याची गोष्ट आपल्याकडे कुणी नीट सांगितलेली मी तरी वाचलेली नाही. म्हणून हा उद्योग.

सुरुवात थोडी मागून करू. 2000 सालच्या सुरुवातीला अमेरिकेत स्टीव्ह गिब्सन नावाच्या प्रोग्रॅमरला आपल्या मशीनवर जाहिरातीचं एक सॉफ्टवेअर सापडलं. ते त्याने मुद्दाम टाकलेलं नव्हतं, दुसऱ्या कुठल्यातरी फुकट प्रोग्रॅमच्या पाठीवर बसून आलं होतं. हे आपली माहिती बाहेर पाठवत असावं असा त्याला संशय आला. तेव्हा ह्या प्रकाराला धड नावही नव्हतं. 'स्पायवेअर' हा शब्द 1995 पासून इकडेतिकडे दिसत होता, पण आज आपण ज्या अर्थाने वापरतो तो अर्थ त्याला 2000 च्या आसपास चिकटला. गिब्सनने मग 'ऑप्टआउट' नावाचं एक छोटंसं टूल लिहिलं. अशा प्रकारच्या टूल्समधलं ते पहिलं मानलं जातं.

त्याच सुमाराला लावासॉफ्टचं 'अ‍ॅड-अवेअर' आलं, आणि पॅट्रिक कोला ह्या जर्मन प्रोग्रॅमरचं 'स्पायबॉट - सर्च अँड डिस्ट्रॉय' आलं. ज्यांच्या घरी तेव्हा पीसी होता त्यांना ही नावं नक्की आठवत असतील. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. आमच्याकडे पीसीचा कारभार आतेभावाकडे. तो महिन्यातून एकदा सीडी घेऊन यायचा, स्पायबॉट चालवायचा, आणि लाल अक्षरांची लांबच लांब यादी आली की आख्खं घर स्क्रीनभोवती गोळा व्हायचं :-) त्या यादीत काय काय आहे हे कुणालाच कळायचं नाही. 'सगळं सिलेक्ट कर आणि उडव', एवढाच काय तो मंत्र.

आता नीट बघा. हा मंत्र म्हणताना आपण एक मोठी गोष्ट गृहीत धरत होतो. यादी ज्याने बनवली तो आपल्या बाजूचा आहे, ही ती गोष्ट.

यादी कोण बनवतं?

व्हायरसच्या बाबतीत हा प्रश्न फारसा यायचा नाही. व्हायरस लिहिणारा कोर्टात येऊन 'माझ्या प्रॉडक्टची बदनामी झाली हो' असं म्हणत नाही. स्पायवेअरचं तसं नव्हतं. ते लिहिणाऱ्या रीतसर नोंदणी झालेल्या कंपन्या होत्या. त्यांची ऑफिसं होती, गुंतवणूकदार होते, आणि मुख्य म्हणजे वकील होते.

ह्यातली सगळ्यात नावाजलेली कंपनी म्हणजे 'गेटर'. तिचं सॉफ्टवेअर तुमचे पासवर्ड लक्षात ठेवायचं, फॉर्म भरून द्यायचं. वर फुकट. बदल्यात तुम्ही कुठल्या साइटवर जाता ह्यावर नजर ठेवून ते त्या त्या वेळी जाहिराती उघडायचं. म्हणजे तुम्ही एका दुकानाच्या साइटवर गेलात की तिथेच त्याच्या प्रतिस्पर्ध्याची जाहिरात समोर हजर! काझा डाउनलोड केलंत की गेटरही बरोबर यायचं. 2002 मध्ये वॉशिंग्टन पोस्ट आणि न्यूयॉर्क टाइम्स ह्यांच्यासारख्या वर्तमानपत्रांच्या कंपन्यांनी आपल्या पानांवर पॉपअप टाकल्याबद्दल गेटरवर खटला भरला, आणि 2003 मध्ये तो तडजोडीने मिटला.

2003 मध्येच गेटरने उलट 'पीसी पिटस्टॉप' ह्या साइटला कोर्टात खेचलं. का, तर त्यांनी आमच्या सॉफ्टवेअरला 'स्पायवेअर' म्हटलं. आमचं सॉफ्टवेअर 'अ‍ॅडवेअर' आहे, वापरणाऱ्याने 'आय अ‍ॅग्री' दाबलेलं आहे, असा गेटरचा दावा. हेही तडजोडीने मिटलं. त्याच वर्षी गेटरने नाव बदलून 'क्लॅरिया' केलं. 2004 मध्ये शेअर बाजारात उतरायची तयारी करताना क्लॅरियाने जी कागदपत्रं दाखल केली त्यात आधीच्या वर्षाचं उत्पन्न सुमारे 9 कोटी डॉलर आणि वापरणारे 4 कोटींहून जास्त असे आकडे होते. (नंतर तो इश्यू मागे घेतला गेला.)

आणि ते 'आय अ‍ॅग्री'? बेन एडलमन नावाच्या संशोधकाने 2004 मध्ये गेटरचा परवाना करार मोजला. जवळजवळ 6 हजार शब्द! हा लेख तुम्हाला लांबलचक वाटत असेल तर त्याच्या तिप्पट समजा. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये एओएल आणि अमेरिकेतल्या नॅशनल सायबर सिक्युरिटी अलायन्सने केलेल्या पाहणीत 80 टक्के घरगुती मशीनवर कुठलं ना कुठलं स्पायवेअर सापडलं होतं, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता. म्हणजे परवानगी कागदोपत्री होती, पण दिलेली कुणालाच आठवत नव्हती.

मायक्रोसॉफ्टची एंट्री

16 डिसेंबर 2004 ला मायक्रोसॉफ्टने 'जायंट' नावाची एक छोटी कंपनी विकत घेतल्याचं जाहीर केलं. तिचं अँटी-स्पायवेअर चांगलं गाजत होतं. जेमतेम तीन आठवड्यांत, 6 जानेवारी 2005 ला, तेच सॉफ्टवेअर 'मायक्रोसॉफ्ट अँटीस्पायवेअर' म्हणून बीटामध्ये फुकट मिळायला लागलं. गंमत म्हणजे ते व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेलं होतं. पुढे 'विंडोज डिफेंडर' नावाने ते सी++ मध्ये नव्याने लिहिलं गेलं.

ह्या बीटात चाळायला सेटिंग्ज भरपूर होती. सतत पहारा देणारे 'एजंट' होते. इंटरनेटचे वेगळे, सिस्टिमचे वेगळे, अ‍ॅप्लिकेशनचे वेगळे. ब्राउझरचं होमपेज बदललं, स्टार्टअपमध्ये काही घुसलं, होस्ट्स फाइलला हात लागला, की हे एजंट हटकायचे. 'स्पायनेट' नावाचं एक नेटवर्क होतं. त्यात तुम्ही सामील झालात तर तुमच्या मशीनवर काय सापडलं ह्याची माहिती मायक्रोसॉफ्टकडे जायची. आणि स्कॅन संपल्यावर सापडलेल्या प्रत्येक गोष्टीसमोर एक ड्रॉपडाऊन यायचा: रिमूव्ह, क्वारंटाइन, इग्नोर, ऑलवेज इग्नोर.

ह्या चारपैकी एक पर्याय आधीच निवडलेला असायचा, तो म्हणजे कंपनीची शिफारस. आता सांगा, आमच्या आतेभावासारखी माणसं (म्हणजे जगातली जवळजवळ सगळी माणसं) त्यापुढे काय करणार? 'कंटिन्यू' दाबणार आणि चहा प्यायला जाणार. नव्वद ओळींची यादी कुणीही एकेक करून तपासत नाही. त्यामुळे पर्याय चार दिसत असले तरी खरा निर्णय एकच होता, आणि तो रेडमंडमध्ये बसून कुणीतरी आधीच घेतलेला होता.

जुलै 2005

30 जून 2005 ला न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी आली की मायक्रोसॉफ्ट क्लॅरिया विकत घेण्याची बोलणी करत आहे. होय, तीच क्लॅरिया, पूर्वाश्रमीची गेटर! लोक चक्रावले. एका हाताने स्पायवेअर काढणारं सॉफ्टवेअर वाटायचं आणि दुसऱ्या हाताने जी कंपनी लोकांच्या यादीत कायम वर असते तीच विकत घ्यायची, हे काय चाललंय?

पुढच्या काही दिवसांत स्पायवेअरवर काम करणाऱ्या मंडळींच्या लक्षात आलं की मायक्रोसॉफ्टच्या बीटात क्लॅरियाच्या प्रॉडक्ट्ससमोरची शिफारस बदलली आहे. आधी तिथे 'क्वारंटाइन' असायचं. आता 'इग्नोर' येत होतं.

क्लॅरियाची प्रॉडक्ट्स यादीतून काढलेली नव्हती, हे इथे नीट लक्षात घ्या. ती सापडत होती, दिसत होती, आणि तुम्ही स्वतः ड्रॉपडाऊन उघडून 'रिमूव्ह' निवडलंत तर निघतही होती. बदललं होतं ते फक्त डिफॉल्ट. आणि वर म्हटल्याप्रमाणे, डिफॉल्ट बदललं की सगळंच बदलतं.

आरडाओरडा झाला. मायक्रोसॉफ्टने खुलासा काढला. त्याचा मथितार्थ असा: क्लॅरियासाठी कुठलाही अपवाद केलेला नाही. क्लॅरियाने आमच्याकडे फेरतपासणी मागितली होती. आम्ही आमचे निकष लावले, आणि तशाच प्रकारच्या इतर सॉफ्टवेअरला आम्ही जसं वागवतो त्याच्याशी सुसंगत असा हा बदल आहे.

आता गंमत बघा. हा खुलासा शंभर टक्के खरा असेल असं धरून चला. तरीही वापरणाऱ्याच्या दृष्टीने काय फरक पडतो? त्याला आतले निकष दिसत नाहीत, फेरतपासणीचा अर्ज दिसत नाही, विकत घेण्याची बोलणीही दिसत नाहीत. त्याला दिसतो एक शब्द. कुंपणाने शेत खाल्लं की नाही हे ठरवायला त्याच्याकडे साधनच नाही. मला तर वाटतं, मायक्रोसॉफ्ट प्रामाणिक असेल तर ही गोष्ट जास्तच काळजीची आहे. कारण मग दोष एखाद्या लबाडीचा राहत नाही, रचनेचाच ठरतो.

काही दिवसांतच ती बोलणी थांबल्याच्या बातम्या आल्या. 2006 मध्ये क्लॅरिया अ‍ॅडवेअरच्या धंद्यातून बाहेर पडली. गोष्ट संपली? छे!

'नकोसं' म्हणजे काय हो?

मायक्रोसॉफ्ट एकटी नव्हती. अँटी-स्पायवेअर कंपन्यांनी 2003 मध्ये 'कोस्ट' नावाची संघटना काढली होती. 2005 च्या सुरुवातीला तिने 180सोल्यूशन्स ह्या अ‍ॅडवेअर कंपनीलाच आत घेतलं. झालं! वेबरूटसारखे सदस्य बाहेर पडले आणि संघटना कोसळली. त्याच वर्षी लावासॉफ्टने 'व्हेनयू' ह्या अ‍ॅडवेअरला अ‍ॅड-अवेअरच्या यादीतून वगळलं तेव्हाही बरीच ओरड झाली.

मग 2005 मध्येच अँटी-स्पायवेअर कोअलिशन उभी राहिली. तिने आधी व्याख्या करायला घेतल्या. हे काम दिसायला अगदीच सरकारी वाटतं, पण ते फार गरजेचं होतं. हळूहळू जी शब्दरचना रूढ झाली ती अशी: 'पोटेन्शियली अनवाँटेड', म्हणजे 'कदाचित नकोसं'. किती मऊ शब्द आहेत बघा! कुणावर आरोप नाही, कुणाचा वकील येणार नाही, आणि तरीही ब्लॉक करता येतं.

वकील आलेच, अर्थात. 180सोल्यूशन्सचं पुढे 'झँगो' झालं. 2006 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने झँगोकडून 30 लाख डॉलर वसूल केले. 2007 मध्ये ह्याच झँगोने कॅस्परस्कीवर खटला भरला: तुम्ही आमचं सॉफ्टवेअर ब्लॉक करता! 2009 मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला की, वापरणाऱ्याला आक्षेपार्ह गोष्टी गाळायचं साधन देणाऱ्या कंपनीला कायद्याचं संरक्षण आहे. चांगला निकाल. पण न्यायाधीश फिशर ह्यांनी वेगळं मत जोडून एक शंका लिहून ठेवली. उद्या एखाद्या कंपनीने हेच संरक्षण वापरून आपल्या प्रतिस्पर्ध्यालाच ब्लॉक केलं तर?

आणि तसाच वाद दहाएक वर्षांत कोर्टासमोर आला. 2016 मध्ये मालवेअरबाइट्सने आपले निकष कडक केले, आणि एनिग्मा सॉफ्टवेअरचं 'स्पायहंटर' त्यात 'कदाचित नकोसं' ठरलं. स्पायहंटर हे स्वतःच अँटी-स्पायवेअर! एनिग्मा म्हणाली की हे धंद्यातलं वैर आहे. मालवेअरबाइट्स म्हणाली की आमचे निकष सगळ्यांना सारखे आहेत. (2005 चा खुलासा आठवला का?) 2019 मध्ये त्याच अपील कोर्टाने सांगितलं की, हेतू प्रतिस्पर्ध्याला पाडण्याचा असल्याचा आरोप असेल तर हे संरक्षण आपोआप मिळणार नाही. 2023 मध्ये आणखी एक बारकावा निघाला. 'मॅलिशस' किंवा 'थ्रेट' म्हणणं हे वस्तुस्थितीचं विधान आहे, ते खोटं असेल तर कोर्टात दाद मागता येईल, पण 'कदाचित नकोसं' हे केवळ मत आहे. म्हणजे शब्द मऊ ठेवणाऱ्यांचा हिशेब चुकला नव्हता तर!

शब्दाची किंमत

इथवर सगळं कंपन्यांचं भांडण वाटेल. म्हणून आता जरा वेगळं उदाहरण.

'स्टॉकरवेअर' तुम्ही ऐकलं असेल. नवरा, बॉयफ्रेंड किंवा घरातलं दुसरं कुणी गुपचूप फोनमध्ये टाकतं, आणि मग मेसेज, लोकेशन, कॉल सगळं त्याला दिसतं. ही अ‍ॅप्सही उघड विकली जायची. 'मुलांवर लक्ष ठेवा', 'कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवा' अशा जाहिराती करून. कायदेशीर कंपनी, रीतसर बिल. त्यामुळे ती पुन्हा त्याच मधल्या कप्प्यात. कॅस्परस्कीचं सॉफ्टवेअर अशा अ‍ॅपवर जो शिक्का मारायचं तो होता 'नॉट-अ-व्हायरस'.

आता कल्पना करा. एक बाई आहे, तिला संशय आहे की आपण कुठे जातो ते नवऱ्याला कळतं. ती धीर करून फोन स्कॅन करते, आणि उत्तर येतं: हा व्हायरस नाही. तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर. पण ती सुटकेचा नि:श्वास सोडून फोन पर्समध्ये टाकणार.

इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या इव्हा गॅल्पेरिन ह्या विषयाच्या मागे लागल्या. एप्रिल 2019 मध्ये कॅस्परस्कीने अशा अ‍ॅपसाठी स्पष्ट 'प्रायव्हसी अलर्ट' दाखवायला सुरुवात केली, आणि नोव्हेंबर 2019 मध्ये अनेक कंपन्या आणि संस्थांनी मिळून स्टॉकरवेअरविरोधी आघाडी काढली. इथेही अ‍ॅप आधी सापडतच होतं. बदलला तो समोर दिसणारा शब्द.

(एक महत्त्वाची तळटीप: असं अ‍ॅप सापडलं तर लगेच उडवणं नेहमीच शहाणपणाचं नसतं. टाकणाऱ्याला ते कळतं, आणि पुरावाही जातो. आधी सुरक्षित जागा आणि विश्वासाचं माणूस, मग सेटिंग्ज.)

मग आपण काय करायचं?

इतिहास पुरे, आता पाच मिनिटांचं काम. तुमच्या विंडोजवरचा डिफेंडर हा त्याच जायंटच्या सॉफ्टवेअरचा वारस आहे. रजिस्ट्रीत त्याच्या फोल्डरखाली अजूनही 'स्पायनेट' नावाची की आहे, बघा हवं तर! नाव बदललं तरी मुळं तीच.

पहिलं: विंडोज सिक्युरिटीत 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल', आणि त्यात 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' उघडा. तिथे 'पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग' आहे. हा पर्याय सर्वसामान्य वापरणाऱ्यांना मे 2020 च्या अपडेटमध्ये मिळाला, पण तो बंद असायचा. ऑगस्ट 2021 पासून मायक्रोसॉफ्टने तो आपणहून चालू ठेवायला सुरुवात केली. म्हणजे 'इग्नोर' पासून 'ब्लॉक' पर्यंत यायला 16 वर्षं! तुमच्याकडे तो खरंच चालू आहे ना, एवढं पाहा.

दुसरं: 'एक्सक्लुजन्स' ची यादी. डिफेंडरने कुठल्या फोल्डरकडे बघायचंच नाही हे तिथे लिहिलेलं असतं. ती रिकामी असेल तर उत्तम. नसेल तर प्रत्येक ओळ कुणी टाकली आणि का, हे आठवा. क्रॅक केलेली सॉफ्टवेअर टाकून देणारी मंडळी इथे हमखास काहीतरी सोडून जातात, आणि मालवेअरलाही ही जागा फार आवडते.

तिसरं: 'अलाउड थ्रेट्स'. कधीकाळी घाईत 'अलाउ' म्हटलेल्या गोष्टी इथे राहतात. हा जुन्या 'ऑलवेज इग्नोर' चा नातू.

चौथं: 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू हवं, म्हणजे दुसरा प्रोग्रॅम ही सेटिंग्ज परस्पर बदलू शकत नाही.

पाचवं: 'ऑटोमॅटिक सँपल सबमिशन'. संशयास्पद फाइल मायक्रोसॉफ्टकडे पाठवायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं. मी चालू ठेवतो, तुम्ही कदाचित बंद कराल. दोन्ही चालेल, पण ठरवलेलं असू दे. (कंपनीचा लॅपटॉप असेल तर ह्यातलं बरंच तुमच्या हातात नसेल. तिथे आयटीवाल्यांनी काय ठरवलंय ते विचारायला मात्र हरकत नाही.)

आणि जे लोक स्वतः सॉफ्टवेअर लिहितात, म्हणजे तुमच्यापैकी निम्मेअर्धे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. आपण कॉन्फिगमध्ये एखादं डिफॉल्ट टाकतो तेव्हा ते एका ओळीचं काम असतं. रिव्ह्यूमध्येही त्यावर कुणी थांबत नाही, सगळी चर्चा अल्गोरिदमवर. पण वापरणाऱ्यांपैकी बहुतेक जण ती ओळ कधीच बदलणार नाहीत. त्यांच्या मशीनवर, फोनवर आपण लिहिलेला शब्दच अंतिम असतो. निदान तो बदलताना का बदलला हे लोकांना दिसेल अशा जागी लिहून ठेवावं, एवढं तरी 2005 च्या त्या जुलैकडून शिकायला हरकत नाही.

चला, बराच उशीर झाला. घरी आईबाबांचा पीसी असेल तर उद्या रविवारी त्याचीही 'एक्सक्लुजन्स' ची यादी उघडून बघा. तिथे काय काय सापडेल सांगता येत नाही :-)